डावं पायडल उलटं फिरतं

५ सप्टेंबर, मंगळवार

लेक फोनवर म्हणाली, "आई, रोज रडतेस आणि मग म्हणतेस काही नाही झालं. त्यापेक्षा लिहून काढत जा." मोठी आली शहाणी! पण वही काढली खरी. शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकांची मापं लिहायला असते तसलीच आहे. मापांपलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही.

तर आजचं माप असं, की औषधाच्या दुकानासमोर मी सायकलवरून आपटले. चांगली चारचौघांत. औषधवाला काउंटर सोडून धावत आला आणि म्हणाला, "बाई, वयाचा तरी विचार करा." त्याला म्हटलं, वयाचा विचार तू कर, मला गोळ्या दे.

करणार काय? यांचं ऑपरेशन झाल्यापासून दुपारी घरी येऊन यांना जेवण आणि औषध द्यावं लागतं. शिवणाच्या दुकानातून चालत यायचं तर निम्मी सुट्टी रस्त्यात जाते, बसचा काही भरवसा नाही, आणि पॅसेजमध्ये यांची सायकल नुसती उभी आहे. म्हटलं, लहानपणी चालवायचे की! सायकल कधी विसरत नाही म्हणतात, ते खरंच आहे. पण यांच्या सायकलला पायडलंच नाहीत. म्हणजे आहेत, पण त्यांना पायडलं म्हणायचं का? झिजलेल्या साबणाएवढा एकेक लोखंडी गट्टू. यांच्या खास बुटांच्या तळाला पट्टी असते, ती त्या गट्टूत खट्कन अडकते आणि पाय पक्का बसतो. रविवारी सकाळी हे निघाले की खालून तो 'खट्' ऐकू यायचा आणि मी कूस बदलून पुन्हा झोपायचे. आता साध्या बुटांनी त्यावर पाय ठेवला की सटकतो. आज सटकला तो असा की गुडघाच फुटला.

घरी आले तर हे खिडकीजवळच्या पलंगावर जागेच. "गुडघ्याला काय झालं?"

"काही नाही. दारात अडखळले."

"आपल्या दाराला ग्रीस कधीपासून लावलं?"

खाली बघते तर पोटरीवर साखळीच्या चाकाचा काळा शिक्का. दात्यांसकट! हे हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसले. मग मलाही हसू आलं आणि हसता हसता रडूच कोसळलं, तेव्हा दूध उतू जातंय म्हणून आत पळाले. दूध गॅसवर नव्हतंच.

७ सप्टेंबर, गुरुवार

मला वाटलं होतं सायकलला हात लावला म्हणून रागावतील. छे. पलंगावर बसल्या बसल्या शिकवणी सुरू. "चवडा टेकवू नकोस, पावलाचा मधला भाग गट्टूवर ठेव. आणि ते स्पंजासारखे बूट काढ आधी. कडक तळाचे घाल."

"साध्या बुटांनी चालतं का पण?"

"लांबच्या पल्ल्याला नाही चालत. घर ते दुकान, दुकान ते घर, एवढ्याला चालतं. जोर लावायचा नाही, उभं राहून मारायची नाही. सावकाश."

कपाटातून लग्नकार्यात घालायचे कडक बूट काढले. शहाण्या बाईने ते सायकलवर घालू नयेत, पण पाय सटकला नाही, हे खरं. सीटही खाली घ्यायला सांगितली. यांचे पाय लांब, माझे आखूड. खाली घेण्याआधी मी सीटच्या दांड्यावर, यांच्या उंचीला, कच्च्या शिलाईचा पांढरा दोरा गुंडाळून गाठ मारली. म्हणजे हे उठले की बरोबर तिथेच सीट आणता येईल, मापात चूक व्हायला नको.

यांना दोरा दाखवला. म्हणाले, "गाठ चांगली मारलीस." एवढंच.

१२ सप्टेंबर, मंगळवार

सायकलवाल्याशी भांडण झालं. हवा भरायला गेले तर म्हणे, "काकू, ही पायडलं काढा नाहीतर दात काढून घ्याल. साधी चपटी बसवून देतो, चहा संपायच्या आत."

म्हटलं, "बसव तुझ्या सायकलला. ही आमच्या यांची आहे. ते बरे झाले की त्यांना हीच लागणार."

"तेव्हा परत ही लावू की!"

"नको म्हटलं ना!" इतक्या जोरात ओरडले की शेजारचा भाजीवाला बघायला लागला. एवढं ओरडण्यासारखं काय होतं? पण ते पायडल काढू देणार नाही म्हणजे नाही. यांच्या कपाटातून मी एक रुमाल हलवलेला नाही, रविवारचा उन्हाचा चष्मासुद्धा आहे तिथेच ठेवलाय. माणूस बरा होऊन उठतो तेव्हा त्याला त्याच्या वस्तू जागच्या जागी मिळाल्या पाहिजेत.

शेवटी बिचाऱ्यानेच तोडगा काढला. प्लास्टिकच्या चपट्या फळ्या मिळतात, त्या गट्टूवर वरून खट्कन बसतात. आतलं पायडल काही काढायला नको. लगेच घेतल्या. साप मरतो आणि काठीही मोडत नाही.

घरी दाखवल्या तर हे म्हणाले, "तू सरळ साधी पायडलं का नाही बसवत?"

"आणि तुम्ही उठल्यावर?"

खिडकीकडे तोंड फिरवलं. दमले असतील, दुपारी जरा जास्तच बोलणं झालं होतं.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. वन्सं आल्या होत्या मदतीला. हे म्हणाले, "तू औषधाच्या रांगेत थांब, गर्दी फार आहे. ही येईल माझ्यासोबत आत." म्हणून मी रांगेत आणि वन्सं आत. गर्दी काही एवढी नव्हती.

बाहेर आले तेव्हा हे एकदम मजेत. "काय म्हणाले डॉक्टर?" तर म्हणे, "म्हणाले, बायको सायकल चालवते म्हणजे घरात एक तरी धडधाकट आहे." वन्संचे डोळे लाल होते. धूळ गेली म्हणाल्या. त्यांचं नेहमीचंच, जरा काही झालं की पदर डोळ्याला. जाताना मला घट्ट मिठी मारली आणि "वहिनी, वहिनी" करत राहिल्या. म्हटलं, अहो सोडा, रिक्षावाला थांबलाय.

लेकीचा फोन आला. महिनाभराची रजा टाकून येतेय म्हणे, पुढच्या महिन्यात. तिच्या साहेबाने चक्क दिली! बापाची आठवण येतेय पोरीला.

१८ सप्टेंबर, सोमवार

हे सुधारताहेत! आज स्वतः उशा लावून बसले आणि म्हणाले, "सायकल आत आण." आणली. मग ब्रेकची तार कशी ओढायची, पंक्चर कसं शोधायचं, साखळी उतरली तर बोट न चेमटता कशी चढवायची, सगळं मला करायला लावलं. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केलेला माणूस, एका नटाशीसुद्धा चूक खपत नाही. दोनदा मी वैतागले, "मला कशाला शिकवताय, तुम्ही आहात की!" तर म्हणाले, "शिकून ठेवायला काय जातं?"

पायडल कसं काढायचं तेही सांगितलं. उजवं नळासारखं सुटतं, पण डावं पायडल उलटं फिरतं. डावं सोडवायला नळासारखं फिरवलं तर आणखी घट्ट बसतं. आणि काढलं की आटे फडक्याने पुसून त्यांना ग्रीस लावायचं, म्हणजे पुढच्या वेळी बोटांनी सुटतं. माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, शाळेतल्यासारखं. म्हटलं, गुरुजी, आता घंटा वाजवा.

किती दिवसांनी असं कशात लक्ष घातलं यांनी. संध्याकाळी मी गाणं गुणगुणत भाकऱ्या करपवल्या, की पोळ्या. दोन्ही लिहिलं, कारण काय करपवलं तेही आता आठवत नाही. खूश होते, एवढं आठवतं.

२३ सप्टेंबर, शनिवार

मला न विचारता यांनी आपले सायकलचे बूट लांब्याला देऊन टाकले!

लांब्या म्हणजे यांच्या रविवारच्या टोळीतला, दाराची चौकट चुकवत आत येणारा. मी चहा टाकायला गेले आणि परत येते तर बूट त्याच्या मांडीवर. तो मान खाली घालून बसलेला. मी तर भडकलेच. "अहो, तुम्ही काय घालणार मग?"

"पायाला सूज आहे. माप बदललं. नवीन घेऊ."

हे बाकी खरं. पाय सुजलेत, माप बदलतंच. मी स्वतः लोकांची मापं बदलताना रोज बघते. मग मी लांब्याला विचारलं, चांगले बूट कुठे मिळतील, थोडे सैल, रुंद पंजाचे? तो "बघतो वहिनी, बघतो" म्हणाला आणि अर्धा चहा तसाच टाकून गेला. एवढा मोठा बाप्या, जिन्यात नाक शिंकरत होता.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

डाव्या हाताने वही धरवत नाही. मनगट मुरगळलंय.

दुपारी निघाले, चौकात पाण्याचा टँकर गळत होता. ओल्या रस्त्यावर उजवी प्लास्टिकची फळी निसटली, पाय मोकळा झाला आणि मी रस्त्यावर. मागून येणाऱ्या गाडीवाल्याने ब्रेक दाबला म्हणून ही वही लिहितेय. लोकांनी दवाखान्यात नेलं, पट्टी बांधली, त्यात जेवणाची वेळ कुठल्या कुठे गेली. घरी पोचले तर हे पलंगाच्या कडेला बसलेले, एक बूट पायात, दुसरा हातात. मला शोधायला निघाले होते. या पायांनी!

मी हसून सांगायला गेले तर असे ओरडले की माझं हसू जागच्या जागी थिजलं. संसारात कधी आवाज चढवला नव्हता. "तुला काही झालं म्हणजे? कोणासाठी जपतेयस ती पायडलं? मी नाही चढणार आता त्या सायकलवर. ऐकलंस? नाही चढणार."

धाप लागली. पाणी दिलं. कपाळाला हात लावला तर ताप होता.

तापात माणूस काहीही बोलतो. काहीही बोलतो. मी मनावर घेतलेलं नाही.

३० सप्टेंबर, शनिवार

मनावर घेतलंय. स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडले, नळ सोडून, म्हणजे यांना ऐकू जायला नको. देवा, या माणसाशिवाय मी काय करू?

दुपारी लांब्या आला, यांनीच फोन करून बोलावला होता. साध्या चपट्या पायडलांची जोडी ठेवून गेला. यांनी सायकल पलंगाला टेकवून ठेवायला लावली. "चल, पाना घे."

उजवं काढताना यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला. किती हलका झालाय तो हात. दोघांनी मिळून ओढलं, करकरलं आणि सुटलं. आटे पुसले, नव्याला ग्रीस लावलं, बसवलं. मग सायकल फिरवून डावी बाजू पुढे घेतली.

"आता उलटं हं."

मला माहीत होतं. दोनदा म्हणवून घेतलं होतं त्यांनी. तरी मी पाना नळासारखाच फिरवला, होता नव्हता तेवढा जोर लावून. घट्ट झालं. आणखी घट्ट केलं. म्हटलं, "निघत नाही हो."

त्यांनी पान्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ज्याने हजारो नट सोडवलेत, त्याला काय कळलं नसेल? पण म्हणाले, "राहू दे. मनगट दुखत असेल तुझं. चहा टाक."

एक तरी राहू दे त्यांचं. एवढं मागितलं तर काय बिघडलं?

४ ऑक्टोबर, बुधवार

सायकलवाला पोट धरून हसला. "काकू, ही कुठली फॅशन? एक पाय राजाचा, एक पाय रंकाचा!" हसू दे मेल्याला. उजवा पाय आता मस्त टेकतो, डाव्याने जपून मारते. जमतं. मनगटाला गचके बसतात, तेवढंच.

९ ऑक्टोबर, सोमवार

मनगट सुजलं म्हणून आज सायकल घरीच ठेवली, बसने गेले. दुपारी दार उघडते तर पलंग रिकामा! बघते तर हे पॅसेजमध्ये, सायकलशेजारी जमिनीवर, भिंतीला टेकून. अंगातला सदरा घामाने ओला, श्वास पुरत नाहीये, बोटं काळी, नखांत काळं.

"हे काय केलंत?"

"साखळीला तेल दिलं. कोरडी पडली होती."

मी फाडफाड बोलले. तोंडाचा पट्टाच सोडला म्हणायचं. साखळी काय पळून जाणार होती? पडला असतात म्हणजे? लहान मूल का तुम्ही? ऐकून घेतलं सगळं. हसतसुद्धा होते थोडे. कसंबसं पलंगावर नेलं, कोमट पाण्यात हात बुडवून एकेक नख साफ केलं. काळं काही पुरतं निघालं नाही. तसेच झोपले.

इतकं बोलायला नको होतं मी.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आता उठवत नाही यांना. दुकानाच्या मालकीणबाईंना सांगितलं, मी येणार नाही. त्या म्हणाल्या, कपडे थांबतील, तू बस त्यांच्याजवळ. लेक आली. बापाच्या पायाशी बसते, माझ्याशी बोलत नाही, नुसती माझे केस विंचरून देते. डॉक्टर काय म्हणाले ते तिला सगळं आधीच ठाऊक होतं. वन्संनाही. लांब्यालाही. एक मीच नवीन बूट शोधत होते.

यांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

म्हणाले, "तू दोरा बांधलास ना सीटला. मग नाही सांगवलं."

२१ ऑक्टोबर, शनिवार

काल सकाळी हे गेले. माझा हात हातात होता.

६ नोव्हेंबर, सोमवार

लेकीची रजा संपत आली. परवा जाणार. सायकल बघून म्हणाली, "आई, हे असलं अर्धवट चालवू नकोस. डावं काढ, नाहीतर माझं तिकडे लक्ष लागायचं नाही." लांब्या म्हणाला मी काढून देतो, लांब पाइप लावून. म्हटलं, नको, मी घट्ट केलंय, मीच काढीन. आणि दोघं माझ्याकडे बघायला लागली तेव्हा विषय बदलला.

८ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी लेकीला गाडीत बसवून आले. घरात शिरले तर घर खायला उठलं. खिडकीजवळचा पलंग उचलून नेलाय, तिथे भिंतीवर उशीचा तेलकट डाग तेवढा आहे. बसवेना. म्हटलं, काहीतरी कर बाई, नाहीतर वेड लागेल. पाना काढला.

सायकल भिंतीला टेकवली. पाना बसवला. पाय रोवून, दात ओठ खाऊन, सगळा भार टाकून ओढला, या वेळी उलटा, सांगितला होता तसा.

आणि पान्यासकट मागे आपटले. जोर लागलाच नाही. पायडल नुसत्या बोटांनी फिरत होतं.

मला आधी कळेचना. मी स्वतः आवळलं होतं की, जीव खाऊन! काढून हातात घेतलं. आटे स्वच्छ पुसलेले, आणि त्यांवर ताजं पिवळं ग्रीस.

मग साखळीवरून बोट फिरवलं. कोरडी ठणठणीत, गंज धरायला लागलेली. तिला दोन महिने तरी तेलाचा थेंब लागलेला नाही.

अहो, पेला उचलून पाणी पिता येत नव्हतं तुम्हाला. पलंगापासून इथवर कसे आलात? भिंत धरून आलात की सरपटत? माझ्या आडमुठेपणाने आवळलेलं सोडवलंत, पुसलंत, ग्रीस लावलंत आणि परत हलक्या हाताने होतं तिथेच बसवून ठेवलंत, की मला हवं तेव्हा निघावं. आणि मी काय केलं? घरात पाऊल टाकलं आणि तुम्हाला फाडून खाल्लं. आणि तुम्ही हसत होतात.

तिथेच फरशीवर बसून रडले, मोठ्याने, नळ न सोडता. ऐकायला कोण होतं?

मग नवीन बसवलं. उलटं फिरवून, बेताचं घट्ट. जुनं पायडल उजव्याच्या जोडीला शिवणाच्या खणात ठेवलं, रिळांच्या मागे. सीटच्या दांड्यावरचा दोरा मात्र काढला नाही. तो तुमच्या मापाचा आहे, तो राहील. साखळीला तेल दिलं, जरा जास्तच पडलं, आणि दुकानात गेले. दोन्ही पाय नीट टेकले. कुठे सटकले नाहीत. मालकीणबाईंनी पडद्यांचं काम दिलं, सरळ शिलाईचं, डोकं लागत नाही असं.

दुपारी सवयीने घरी आले. कशाला आले, दारात कुलूप काढताना लक्षात आलं. खाली बघते तर पोटरीवर काळा शिक्का, दात्यांसकट. आत कोणी विचारणारं नव्हतं. तरी बूट काढता काढता मी मोठ्याने म्हटलं, "काही नाही हो. दारात अडखळले."